पिछाडी

नाशिकच्या मावशीने परवा फोनवर विचारलं, "अगं, तुमच्या त्या डोंगरवाल्यांच्या ग्रुपमध्ये एवढं काय असतं गं? मुलगी दहावीला, घरात पाहुणे, आणि तू आपली डिसेंबर आला की सॅक काढून बसतेस!" उत्तर द्यायला गेले तर पाच मिनिटांत तिची मालिका सुरू झाली. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहावंच. मावशी, हे तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही :)

आधी डिसेंबरच का, ते सांगते. पुण्या-मुंबईकडे ट्रेक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाऊस येतो. हिरवे डोंगर, धबधबे, भिजलेला टी-शर्ट आणि हातात कणीस. आम्हीही जातो पावसात, नाही असं नाही. पण पावसातली भटकंती म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. वर सगळं धुकं, समोरचा डोंगर दिसत नाही, कातळावर शेवाळ, आणि बूट चार दिवस गॅलरीत वाळत. सह्याद्रीत मुक्काम करावा तो हिवाळ्यात. पाऊस सरलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, कातळ कोरडा असतो आणि मुख्य म्हणजे गडावरची टाकी भरलेली असतात. मार्च उजाडला की त्यातली कितीतरी आटतात, गवत वाळून कोळ होतं, वणवे लागायला लागतात. म्हणजे कोजागिरी ते होळी, एवढाच काय तो आमचा मोसम.

आमचं मंडळ म्हणजे तरी काय? ऑफिस नाही, पाटी नाही. एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात दोन दोर, प्रथमोपचाराची पेटी, वीस माणसांची खिचडी होईल असं एक पातेलं आणि एक भला मोठा डाव. ट्रंक ज्याच्याकडे तो त्या वर्षीचा सेक्रेटरी. मी २००१ साली आले तेव्हा ट्रेकची बातमी पोस्टकार्डाने यायची. कुठे जायचं, किती वाजता स्वारगेटला भेटायचं, शिधा काय आणायचा, सगळं त्या एवढ्याशा कार्डावर बारीक अक्षरात. माझ्या वाट्याला पहिल्यांदा आलं होतं, 'कांदे १ किलो, लिंबं १२, पाण्याच्या बाटल्या २, उत्साह'. आईने ते कार्ड वाचलं आणि विचारलं, "मुली किती आहेत?" चार होत्या. मग रात्रीच्या मुक्कामाला परवानगी मिळायला आणखी तीन महिने लागले, पण ते सगळ्या मुलींचंच रामायण आहे, इथे कशाला.

मोसमाची सुरुवात कोजागिरीला सिंहगडावर. आतकरवाडीतून चढायचं, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणायचं, चंद्र वर आला की खाली घरून आणलेलं मसाला दूध. (हल्ली गडावर रात्री थांबता येत नाही, म्हणून दुधाचा कार्यक्रम कोणाच्या तरी गच्चीवर होतो.) त्याच रात्री डिसेंबरच्या मोठ्या ट्रेकचं ठरतं, आणि ठरवताना जे भांडण होतं ते ऐकण्यासारखं असतं. राजगड-तोरणा की हरिश्चंद्रगड? रतनगड की साल्हेर? एकजण दरवर्षी अलंग-मदन-कुलंग म्हणतो आणि दरवर्षी सगळे त्याला पुढच्या वर्षीचं आश्वासन देतात. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास एक रविवार पोपटीचा, आणि फेब्रुवारीत नगरकडे एका मेंबरच्या मळ्यात हुरडा. हुरड्यालाच वार्षिक सभाही उरकते. तोंडात गूळभेंडीचा कोवळा दाणा आणि लसणाची चटणी असली की हिशेबावर कोणी फार आक्षेप घेत नाही, हा सेक्रेटरी लोकांचा जुना अनुभव.

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: ही रायगड जिल्ह्याची थंडीतली चीज. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि खाणारे असतील तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन. मध्ये मध्ये जाडं मीठ आणि ओवा. वरून पुन्हा पाला ठासायचा आणि मडकं उलटं ठेवून भोवती पाचोळा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. अर्ध्या तासाने जो वास सुटतो त्याचं वर्णन मी करणार नाही. आम्ही सकाळी पालीचा सरसगड चढतो, कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांनी मांड्या भरून येतात, आणि दुपारी एका मेंबरच्या सासुरवाडीच्या वाडीत मडकी लागतात. शाकाहारी लोकांचं मडकं वेगळं. त्यावर खडूने फुली मारलेली असते. जळून फुली दिसेनाशी झाली की मग मजा!

पण मावशी, हे खाण्यापिण्याचं झालं. खरा हिवाळा मुक्कामात कळतो. डिसेंबरात संध्याकाळी सहाला सूर्य मावळतो आणि सातच्या आत मिट्ट काळोख. म्हणजे चालायला वेळ कमी आणि बसायला रात्र मोठी. शहरात आपल्याला एवढी मोठी रात्र मिळतच नाही. जेवणं आठाला उरकलेली असतात, सगळे स्लीपिंग बॅगा गुडघ्यापर्यंत ओढून बसलेले, आणि पूर्वेला कृत्तिका, रोहिणी, मग मृग, त्याच्यामागून व्याध असे एकेक वर येत राहतात. तेरा-चौदा डिसेंबरच्या सुमाराला मिथुनेतल्या उल्कांचा वर्षाव असतो. एका वर्षी आम्ही मोजायला बसलो आणि ऐंशीच्या पुढे मोजणाऱ्यांनाच झोप लागली.

आणि एक गंमत थंडीची. नवख्यांना वाटतं, वर गडावर जास्त थंडी. बऱ्याचदा उलट होतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन भराभर निवते, तिच्याजवळची गार जड हवा उतारांवरून ओघळत दरीत जाऊन साचते. खालच्या गावात माणसं शेकोटीला चिकटून असतात आणि वर माचीवर जरा बरं असतं. पहाटे उठून बघावं तर खाली दरीभर धुक्याचं दूध साचलेलं आणि त्यातून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आलेले. राजगडाच्या सुवेळा माचीवर, नेढ्यात बसून मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारी कोणीतरी चहाचा कप हातात दिला होता आणि तो तसाच गार झाला. हल्ली पुरातत्त्व खात्याने राजगडावरचा मुक्काम बंद केलाय. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात राजगड आहे. गडाच्या दृष्टीने बंदी योग्यच, पद्मावतीच्या देवळाभोवतीचा शेवटी शेवटीचा कचरा मी पाहिलाय. तरी ती पहाट आता आमच्या पोरांना दिसणार नाही याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

आता काकांबद्दल. खरं तर लिहायचं होतं ते त्यांच्याबद्दलच.

आमच्याकडे चालण्याचा एक नियम आहे. सगळ्यांच्या पुढे वाट माहीत असलेला एकजण, त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. आणि सगळ्यांच्या मागे एकजण, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. ही पिछाडी. वाटाड्याचं काम दिसतं, त्याचं कौतुक होतं. पिछाडीचं काम कोणाला दिसत नाही, कारण सगळ्यांची पाठ त्याच्याकडे असते. ज्याला दम लागतो, ज्याच्या पायात गोळा येतो, ज्याचा बूट तोंड वासतो, ज्याला मध्येच आपण इथे का आलो असा प्रश्न पडतो, ते सगळे गाळत गाळत शेवटी पिछाडीपाशी येतात. काका आमची पिछाडी होते. थोडीथोडकी नाही, चोवीस वर्षं. नोकरी बँकेत, स्वभाव बँकेतल्यासारखा अजिबात नाही.

माझा पहिला मोठा ट्रेक हरिश्चंद्रगड, खिरेश्वरकडून टोलार खिंडीतून. वाट लांबलचक. खिंडीपर्यंत मी कशीबशी आले आणि पुढच्या कातळाच्या चढाला माझी बोलतीच बंद झाली. मागे फक्त काका. पण गंमत अशी की मला थांबावंसं वाटायचं त्याच वेळी नेमकी त्यांच्या बुटाची नाडी सुटायची. "थांब गं जरा, ही नाडी..." म्हणून ते खाली वाकायचे. सावकाश बांधायचे. मग उठून, "हं, चल." पुन्हा शे-दोनशे पावलं, पुन्हा नाडी. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे, एवढी वर्षं डोंगरात फिरतो आणि धड नाडी बांधता येत नाही! वर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचल्यावर त्यांनी बूट काढले तेव्हा पाहिलं. दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठ होती, करकचून. ती गाठ आपोआप सुटणं शक्यच नव्हतं.

नंतर मी त्यांना हे बोलून दाखवलं नाही. त्यांनीही कधी काढलं नाही. नव्या पोरांबरोबर मात्र नाडी सुटतच राहिली.

त्यांच्या सॅकमध्ये काय असायचं हे मंडळात सगळ्यांना पाठ होतं: तीस फूट दोर, इलेक्ट्रॉलच्या पुड्या, गूळ-शेंगदाणे, कापूर, सुईदोरा, एक जुनी मच्छरदाणी. मच्छरदाणीला सगळे हसायचे. ती आग्या माश्यांसाठी. कड्यांना त्यांची पोळी असतात, धुराने, अत्तराच्या वासाने त्या उठतात, आणि उठल्या की झटकाझटकी करणं म्हणजे आणखी बोलावणं. डोकं-तोंड झाकून गप्प बसायचं किंवा शांतपणे लांब सरकायचं. सकाळी निघताना काका प्रत्येकाचा वास घ्यायचे, अक्षरशः! एका नव्या मुलाला त्याच्या सेंटसकट टाक्याच्या उपशाच्या पाण्याने डिसेंबरात आंघोळ घडवली होती. तो मुलगा आता आमचा सेक्रेटरी आहे.

मधल्या वर्षांत मंडळाचं बरंच बदललं. पोस्टकार्डं गेली, मग ईमेल आले आणि गेले, आता व्हॉट्सॲप. डोंगरही बदलले. थर्टी फर्स्टला कोकणकड्यावर तंबूंची रांग आणि स्पीकर बघून आम्ही ती तारीखच सोडून दिली. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बसच्या बस निघतात, पन्नास-साठ अनोळखी माणसं, पुढे एक शिट्टीवाला, मागे कोण असतं देव जाणे. २०१८ साली सरकारने साहसी उपक्रमांसाठी नियमांचा शासन निर्णय काढला. त्यावर गिर्यारोहकांमध्ये बराच वाद झाला आणि आमच्यातही झाला. काही तरुण मंडळींचं म्हणणं पडलं की आपणही रीतसर नोंदणी करू, फी घेऊ, जाहिरात करू, प्रशिक्षित लीडर ठेवू. त्यांचं चूक नव्हतं. विमा असावा, फॉर्म असावेत, रेस्क्यूवाल्यांचा नंबर प्रत्येकाच्या खिशात असावा, हे सगळं आता आम्हीही करतो. पण पैसे देऊन आलेल्या माणसाला 'कांदे १ किलो' सांगता येत नाही हो! २०१९च्या हुरड्याला यावरून जुंपली, आठजण बाहेर पडले, त्यांनी आपलं वेगळं सुरू केलं. चांगलं चाललंय त्यांचं, पोपटीला अजूनही येतात. मग करोनाचे दोन हिवाळे कुठेच जाणं नाही. एकेक वीट अशी ढिली होत गेली आणि आज डिसेंबरच्या ट्रेकला बारा-तेरा डोकी होतात, त्यातली निम्मी पन्नाशीच्या पुढची.

२०२२ साली काकांचा उजवा हात थरथरायला लागला. पुढे निदान झालं, पार्किन्सन्स. वय सदुसष्ट.

हा आजार विचित्र आहे. मला वाटायचं, हात थरथरतात एवढंच. पण चालणंच बदलतं. पावलं लहान लहान पडतात, वळताना तोल जातो, आणि कधी कधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. काकांचं स्वयंपाकघराच्या दारात व्हायचं. समोर दहा पावलांवर टेबल, त्यावर चहा, आणि माणूस उंबऱ्याशी अडकलेला. पण त्याच माणसाला जिन्याच्या पायऱ्या मात्र तितक्या जड जात नाहीत! फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितलं की डोळ्यांसमोर ठरावीक अंतरावर काहीतरी ओलांडायला असलं की मेंदूला पाऊल उचलायला मदत होते. म्हणून काकूंनी घरभर फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्यांच्या आडव्या रेघा लावल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काका त्या दाखवत म्हणाले, "बघ, घरात सरसगड केलाय हिने." पायात वेल्क्रोचे बूट होते. काकूंनी आणलेले.

२०२४च्या हुरड्याला प्रश्न उभा राहिला. काकांनी स्वतःच काढला. "या डिसेंबरात मी येणार." सभेत एकदम शांतता. मग सगळे एकदम बोलायला लागले. सेक्रेटरी म्हणाला, काकांना नेलंच पाहिजे, उचलून न्यायची वेळ आली तरी चालेल. आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, चढतील एखाद्या वेळी, उतरणार कसे? तोल जातो तो उतरताना. गोळीचा असर उतरला आणि माणूस घसाऱ्यावर उभा असला तर? एकजण म्हणाला, त्यांना मधल्या वाटेपर्यंत नेऊ. दुसरा म्हणाला, आणि तिथे त्यांच्याजवळ थांबणार कोण, आपण सगळे वर जाऊन फोटो काढणार का? आवाज चढले. हुरडा आगटीत जळत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

काकू त्या दिवशी आल्या होत्या. एरवी त्या फक्त पोपटीला येतात. त्या एवढंच म्हणाल्या, "नेऊ नका असं मी म्हणणार नाही. घरात बसूनही ते पडतातच. पण डोंगरात पडले तर मला फोन कोण करणार, ते आत्ता सांगा."

कोणी उत्तर देईना. आणि मग काकाच म्हणाले, आवाज हल्ली त्यांचा बारीक झालाय, जवळ जाऊन ऐकावं लागतं. ते म्हणाले, "मी वर येतो म्हटलंच नाही. मी येतो म्हटलं. चोवीस वर्षं मी बघतोय, प्रत्येक वेळी कोणीतरी खाली राहायला पाहिजे असतं आणि कोणी राहत नाही. मी खाली राहीन. तुमची परत यायची वेळ माझ्याकडे लिहिलेली असेल. तुम्ही आला नाहीत तर फोन मी करीन."

मावशी, तू विचारलंस ना काय असतं. हे असतं.

तर २०२४च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा हरिश्चंद्रगडच केला, पण अकोले तालुक्यातल्या पाचनईकडून. गाडी थेट गावात जाते, वाट सोपी, दोनेक तासांत माणूस वर. मुक्काम वर न करता गावातच, ओळखीच्या घरी ओसरीवर. ती मंडळी महादेव कोळी, घरची आजी काकांना गेली पंधरा वर्षं ओळखते. तिने काकांचा थरथरणारा हात बघितला, काही विचारलं नाही, चहा कपाऐवजी अर्ध्या भरलेल्या तांब्यात आणून दिला. मला सुचलं नसतं.

पहाटे आम्ही निघालो तेव्हा काका गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत आमच्याबरोबर चालले. हातात दोन काठ्या. सपाट मळलेल्या वाटेवर दोनदा अडकले, आणि ओढ्यातल्या दगडांवरून मात्र टक टक टक पलीकडे! पलीकडे जाऊन उभे राहिले, वरच्या कातळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे येणार. पोटात गोळा आला. त्यांनी डोकी मोजली, खिशातून चिठ्ठी काढून सेक्रेटरीकडून वेळा लिहून घेतल्या (अक्षर अगदी बारीक, मुंगीएवढं, हेही त्या आजारात होतं म्हणे), आणि वळले. आजीचा नातू त्यांच्याबरोबर परत गेला.

त्या दिवशी पिछाडीला मी होते. पहिल्यांदाच नाही, पण काका खाली असताना पहिल्यांदा. माझ्यापुढे एक नवी मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजातली. वरच्या चढाला तिचा श्वास वाजायला लागला. मी नाडी बांधायला वाकले. तर ती काय म्हणाली माहितीये? "ताई, तुम्ही सारखी सारखी नाडी बांधताय. डबल नॉट मारा ना, मी दाखवू?" मी म्हटलं, दाखव. तिने तिथेच बसून शांतपणे दाखवलं. तेवढ्यात तिचा दम परतला.

वर केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी असं गार होतं की पाय घातल्यावर सुया टोचाव्यात. चार खांबांपैकी एकच शाबूत असलेला, त्याच्यावर सगळं तोललेलं, हे फोटोत सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे फार वेळ थांबवत नाही, थंडीने. कोकणकड्यावर अर्धा तास आडवे पडून खाली बघितलं. तंबू होते, पण वीसेकच. उतरायला लागलो तेव्हा चिठ्ठीतल्या वेळेपेक्षा पस्तीस मिनिटं उशीर झाला होता, एकाच्या गुडघ्याने संप पुकारला होता म्हणून. गावाजवळ मोबाईलला रेंज आली आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. काकांचे सतरा मिस्ड कॉल. ओसरीवर ते काठ्या घेऊन उभेच होते आणि भयंकर चिडलेले होते. चोवीस वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "खाली बसून वाट बघणं काय असतं ते तुम्हाला माहीत नाही," म्हणाले. काकूंचा फोन त्याच वेळी चालू होता, त्यांना पलीकडून ऐकू गेलं. नंतर काकूंनी मला सांगितलं, "चोवीस वर्षांनी का होईना, कळलं त्यांना."

जानेवारीच्या पोपटीला काका होतेच. मीठ टाकायचं काम त्यांना दिलं, हात थरथरतो म्हणून सगळीकडे सारखं पडतं, असं तेच म्हणाले. आम्ही हसावं की नाही या विचारात असताना काकूच पहिल्या हसल्या.

या डिसेंबरात नाणेघाट ठरलाय. आम्ही कोकणातून, वैशाखऱ्याकडून जुन्या व्यापारी वाटेने चढणार. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्या वाटेने जुन्नरला जायचा ती वाट. वर गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, आणि घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण, जकातीचा म्हणतात. नाणेघाट निवडण्याचं कारण मात्र सातवाहन नाहीत. घाटमाथ्यावर जुन्नर-घाटघरकडून गाडी थेट रांजणाच्या जवळपास जाते. काका-काकू जावयाच्या गाडीने वरून येणार आणि आम्ही खालून. घाटाची नळी वर जिथे उघडते तिथे दगडी पायऱ्या आहेत, त्या काका चार-सहा उतरू शकतील, धरायला जावई आहे. आम्ही एकेक करून वर येऊ तेव्हा डोकी ते मोजतील.

एकोणीसजणांनी नावं दिलीत, तीन वर्षांतला मोठा आकडा. ती नवी मुलगी तिच्या दोन मैत्रिणींना आणतेय. अलंग-मदनवाल्याला पुढच्या वर्षीचं आश्वासन दिलेलं आहे. माझ्या वाट्याला या खेपेला बटाटे दोन किलो आले आहेत, आणि लेक म्हणते, दहावीचा अभ्यास आदल्या दिवशी उरकून ती काकांच्या गाडीतून येईल, थर्मास सांभाळायला.